विमानाची साडी

मुलीसाठी स्थळ पाहताना काय काय विचारावे, याची यादी आपल्याकडे फार जुनी आहे. शिक्षण, पगार, घराणे, पत्रिका, उंची, चष्मा असल्यास त्याचा नंबर, सारे काही विचारले जाते. मुलगा निर्व्यसनी आहे ना, हे तर आडून आडून तीन ठिकाणी चौकशी करून पक्के करतात. पण मुलाला छंद कोणता आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक व्यसन परवडले. व्यसनी माणूस निदान कधी तरी 'उद्यापासून सोडतो' असे म्हणतो. छंदिष्ट माणूस तेवढेही म्हणत नाही.

मला छंद आहे तो विमाने करण्याचा. आत बसायची विमाने नव्हेत. हाताने करायची आणि हातानेच सोडायची. १९६७ साली कॉलेजात असताना मी एन.सी.सी.च्या हवाई शाखेत नाव घातले. वैमानिक होण्याची हौस होती. ती चष्म्याने पुरी होऊ दिली नाही. पण त्या शाखेत छात्रांना विमानांच्या प्रतिकृती करून उडवायला शिकवीत. तो नाद जो लागला तो कायमचा.

१९७६ च्या मार्च महिन्यात मी साताऱ्याला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला भलीमोठी पट्टी बांधलेली होती. पोहे झाले, पगार झाला, मामाचे गाव झाले. 'तुला काही विचारायचं असेल तर विचार,' असे मुलीला म्हणण्याची सुधारणा तोवर साताऱ्यापर्यंत पोचली होती. मुलीने मान वर न करता एकच प्रश्न विचारला.

"बोटाला काय लागलं?"

"विमानाचा पंखा," मी म्हणालो.

बैठकीत शांतता पसरली. तिचे काका सावरून बसले. "म्हणजे आपण विमानतळावर असता?"

"छे, छे!" माझे वडील घाईघाईने म्हणाले, "तो कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आहे. विमान घरचं आहे."

'घरचं विमान' हे शब्द ऐकून काकांनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिले, तसे नंतर कोणीही पाहिलेले नाही. मुलीने मात्र पदर तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. ते हसू पाहून मी होकार दिला. तिने कशावरून दिला, हे मी अजून विचारलेले नाही.

नारायण पेठेतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पाहुणे, आई-वडील आणि माझी विमाने. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि उरलेला संसार. माझ्याजवळ तेव्हा दीड सी.सी.चे एक छोटे डिझेल इंजिन होते, मुठीत मावेल एवढे. त्याला ठिणगी लागत नाही. आतली हवा दट्ट्याने दाबली की तिच्याच उष्णतेने तेल पेट घेते. हे तेल पंपावर मिळत नाही, घरी करावे लागते. एक भाग ईथर, एक भाग घासलेट आणि एक भाग एरंडेल. ईथर चटकन पेटते म्हणून, घासलेट ताकदीसाठी आणि एरंडेल वंगणासाठी. म्हणजे एक जिन्नस दवाखान्यातला, एक रेशनच्या दुकानातला आणि एक आजीच्या फडताळातला! हे मिश्रण करून इंजिन चालू करण्यासाठी पंख्याला बोटाने झटका द्यायचा आणि बोट वेळेवर मागे घ्यायचे. न घेतल्यास साताऱ्याला काय होते, ते वर सांगितलेच आहे.

लग्नाला तीन महिने झाले असतील. एके दिवशी ही म्हणाली, "घासलेट या महिन्यात वीस तारखेलाच कसं संपलं हो?"

मी वर्तमानपत्रात डोके खुपसले. पुढच्या महिन्यात रेशन आणल्याबरोबर तिने एक जुनी सरबताची बाटली घासलेटने भरली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ही तुमच्या विमानाची. महिनाभर एवढ्यात भागवा. आणि स्टो पेटलेला असताना ईथरचं बूच उघडायचं नाही. काय?"

ना परवानगी, ना हरकत. तिने नुसती वाटणी करून टाकली आणि एक कायदा घालून दिला. तो कायदा आमच्या घरात कधी मोडला गेला नाही, म्हणूनच मी आज हा लेख लिहायला शिल्लक आहे.

त्या काळी मी जी विमाने उडवीत असे, ती तारेवरची. चाळीस फूट लांबीच्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या पंखातून निघून आपल्या हातातल्या मुठीला बांधलेल्या असतात. मूठ एका बाजूला कलती केली की विमान वर जाते, दुसऱ्या बाजूला कलती केली की खाली येते. आपण मध्ये उभे राहायचे आणि विमान आपल्याभोवती चार-पाच सेकंदांत एक अशा फेऱ्या मारते. टाकी संपेपर्यंत चाळीस-पन्नास प्रदक्षिणा होतात. देव फिरतो आणि भक्त मध्ये उभा, असा हा उलटा प्रकार. भक्ताला घेरी येते ती वेगळीच.

यात एक मोठी अडचण असते. इंजिन चालू करायचे विमानाजवळ आणि मूठ चाळीस फुटांवर! तेवढे अंतर चालून जाईपर्यंत तापलेले, किंचाळणारे विमान कोणी तरी घट्ट धरून ठेवावे लागते. लग्नापूर्वी हे काम एक मित्र करी. त्याची बदली नागपूरला झाली. एका रविवारी सकाळी मी विमान काखोटीला मारून निघालो, तर ही पायात चपला घालून दारात उभी.

"मी येते. धरायचंच ना नुसतं?"

मैदानावर पोरे जमली. १९७६ साली नऊवारी-पाचवारीतल्या बाईने मैदानात गुडघे टेकून विमान धरणे हा पुण्यात पाहण्यासारखा प्रकार होता. मी तिला दहा वेळा बजावले, "मी हात खाली केल्याशिवाय सोडायचं नाही. आणि हात खाली केल्यावर धरून ठेवायचं नाही. ढकलायचं नाही, फेकायचं नाही. नुसतं सोडायचं."

इंजिन सुरू झाले. मी धावत जाऊन मूठ घेतली, डावा हात वर केला आणि खाली आणला. तिने विमान सोडले. ढकलले नाही, फेकले नाही, नुसते सोडले. दोन हात जमिनीवर धावून ते असे उचलले की माझ्या मित्राच्या हातून कधी उचलले गेले नव्हते. विमान उतरल्यावर मी तिच्याकडे पाहिले. इंजिनातून उडालेल्या एरंडेलाने तिची बदामी साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. जळक्या एरंडेलाचा डाग कोणत्याही साबणाने जात नाही. तो गेला नाहीच. त्या दिवसापासून ती साडी 'विमानाची साडी' झाली आणि दर रविवारी तीच नेसली जाऊ लागली.

पुढे ही एका शाळेत भूगोल शिकवू लागली. मी ज्याच्या काड्या मोजून वापरीत असे, त्या बाल्सा लाकडाची माहिती मला तिच्याकडून मिळाली. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, मुख्यतः इक्वेडोरचे. भराभर वाढते आणि लाकूड इतके हलके, की १९४७ साली थॉर हेयरडाल याच्या ओंडक्यांचा 'कॉन-टिकी' हा तराफा करून पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियाच्या बेटांना लागला. 'बाल्सा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तराफा.

"म्हणजे त्याने तराफा केला तेवढ्या लाकडात तुमची किती विमानं झाली असती?" असे विचारून तिने मला एक संपूर्ण संध्याकाळ गणिताला बसवले होते.

हळूहळू पंखांवर कागद चढवण्याचे काम तिच्याकडे गेले. हा कागद पापडापेक्षा पातळ. तो सांगाड्यावर चिकटवायचा, वर पाण्याचा फवारा मारायचा. वाळताना तो आक्रसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो. मग त्यावर डोप नावाचे रोगण द्यायचे. माझ्या हातून कागदाला हमखास सुरकुत्या पडत. तिने एकदा पाहिले आणि म्हणाली, "सरका. साडीला खळ देऊन ताणायची मला सवय आहे." तिचा पंख पाहून मी पुन्हा कागदाला हात लावला नाही. तिने चिकटवायला मैद्याची खळ वापरली होती एवढीच एक चूक झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो वाड्यातल्या झुरळांनी डावा पंख सांगाड्यापर्यंत खाऊन टाकलेला! मी हळहळत बसलो. ती एका पुस्तक बांधणाऱ्याकडे जाऊन विचारून आली. त्यानंतरच्या खळीत चिमूटभर मोरचूद पडू लागले आणि आमच्या विमानांना झुरळे शिवेनाशी झाली.

'आमच्या' असा शब्द मी आज लिहिला. त्या वेळी मी तो वापरीत नव्हतो. मित्रमंडळींत मी म्हणे, "माझं विमान. हिची मदत असते हं थोडी." आणि मित्र म्हणत, "भाग्यवान आहेस लेका! आमच्याकडे पत्त्यांचा डाव घातला तरी कपबशा आपटतात." मी हसून मान डोलवीत असे. मला वाटे, की बायकोच्या कौतुकात मी काही कमी करीत नाही.

इंजिनाचा आवाज आणि वास यांवरून वाड्यात कुरबुर होऊ लागली तसा मी रबराच्या विमानांकडे वळलो. रबराच्या पट्टीला पीळ द्यायचा आणि तो उलगडताना पंखा फिरतो, ही युक्ती आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने विमानाला लावली. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी बागेत त्याने आपले विमान उडवून दाखवले. अकरा सेकंदांत ते सुमारे चाळीस मीटर गेले. राईट बंधू लहान असताना १८७८ साली वडिलांनी त्यांना जे उडते खेळणे आणून दिले, तेही पेनोच्याच कल्पनेवरचे. ही गोष्ट मी पाहुण्यांना मोठ्या रंगात येऊन सांगत असे, आणि ही आतून चहा घेऊन येताना हमखास विचारी, "आणि कॅथरीन?"

कॅथरीन ही राईट बंधूंची बहीण. शाळेत शिकवीत असे. १९०८ साली विमान कोसळून ऑर्व्हिल जबर जखमी झाला, तेव्हा ती नोकरीतून रजा काढून त्याच्या उशाशी जाऊन बसली होती. हिचा हा प्रश्न मी थट्टेवारी नेत असे.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

तारेवरचे विमान बांधलेले असते. रबराचे विमान हातातून सुटले की मोकळे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढत असते. घारी पंख न हलवता तिच्यावरच गिरक्या घेतात. विमान अशा हवेत सापडले की पीळ संपला तरी ते खाली येत नाही, घारीसारखे चढत चढत दिसेनासे होते. यावर एक उपाय आहे. विमानाची शेपटी एका रबरी कड्याने दाबून बसवतात आणि त्या कड्याला एक धुमसती वात लावून देतात. ठरलेल्या वेळाने वात कड्यापर्यंत पोचते, कडे जळून तुटते, शेपटी टप्पकन वर उचलली जाते आणि विमान गिरक्या सोडून अलगद खाली येते.

वातीचे काम अर्थातच तिच्याकडे होते. सुताची जाड वात वळून ती सोऱ्याच्या पाण्यात भिजवायची आणि वाळवायची, म्हणजे ती ज्योत न धरता उदबत्तीसारखी धुमसत जाते. देवासाठी वाती वळणाऱ्या हातांना यात नवे काहीच नव्हते. एक इंच जळायला किती वेळ लागतो, हे तिने घड्याळ समोर ठेवून तीन तीनदा मोजले होते आणि वहीत मांडून ठेवले होते. पंखावर आमचा पत्ता लिहिण्याची कल्पनाही तिचीच. "पाकिटावर पत्ता नको का?" असे म्हणून तिने आपल्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'सापडल्यास कृपया कळवावे.'

१९८३ च्या एप्रिलमध्ये मी साडेतीन फूट पंखांचे एक विमान पुरे केले. दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. आदल्या रात्री घाईघाईने डोपचा शेवटचा हात देत होतो, तेव्हा ही म्हणाली, "शेपटी नीट हलते का ते एकदा बघा हं वाळल्यावर."

"मला नको शिकवूस," मी म्हणालो.

सकाळी सोलापूर रस्त्याने लोणीच्या पुढच्या माळावर गेलो. तिने विमान धरले, मी रबर लांबवर ताणून हातड्रिलने पीळ भरला. तिने वात पेटवली, फुंकर घालून निखारा पाहिला आणि मान हलवली. मी विमान सोडले. काय चढले ते! पाऊण मिनिटात पीळ संपला, पंखा थांबला आणि ते दोन घारींच्या शेजारी जाऊन त्यांच्यासारखेच गोल फिरू लागले. आम्ही दोघे हरखून पाहत राहिलो. चार मिनिटांची वात होती. चार मिनिटे झाली, पाच झाली, सात झाली. विमानाचा ठिपका झाला, मग पूर्वेकडे सरकत सरकत तोही दिसेना.

मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "एवढं एकच काम होतं तुझं! घालवलंस माझं विमान!"

माळावर दुसरे कोणी नव्हते. ती काही बोलली नाही. तिने वातीची डबी पिशवीत ठेवली, काड्यापेटी ठेवली आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली. घरी आल्यावर तिने भात टाकला. पुढे तीन आठवडे घरात सारे वेळेवर होत होते. चहा, डबा, इस्त्रीचे कपडे. फक्त रविवारी ती विमानाची साडी नेसली नाही.

मग एक पोस्टकार्ड आले. उरुळीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एका शेतकऱ्याने लिहिले होते : 'तुमचे विमान आमच्या उसात पडले आहे. पोरांना हात लावू दिलेला नाही. येऊन घेऊन जावे.'

आम्ही दोघे गेलो. विमान गोठ्याच्या आढ्याला सुतळीने टांगून ठेवलेले होते. उसाच्या पात्यांनी कागद फाटला होता, पण सांगाडा शाबूत होता. शेतकऱ्याने ते उतरवून माझ्या हातात दिले. मी पहिल्यांदा शेपटी पाहिली. वात शेवटपर्यंत जळलेली होती. रबरी कडे जळून तुटून गेले होते. त्याचा काळा डाग लाकडावर स्पष्ट दिसत होता. आणि तरीही शेपटी जागची हलली नव्हती. सांध्यावर डोपचा एक ओघळ येऊन वाळला होता. माझ्या हातचा. त्याने शेपटी पंचपक्वान्नाच्या ताटासारखी पक्की चिकटवून टाकली होती.

मी मान वर केली तेव्हा ती तिथेच पाहत होती. तिने काळा डाग पाहिला, ओघळ पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात शेतकऱ्याची बायको चहा घेऊन आली. "घ्या ना, निवतोय," ही मला म्हणाली.

बस्स, एवढेच. परतीच्या वाटेवर एस.टी.त विमान तिच्या मांडीवर होते आणि माझ्या तोंडात शब्द होता. तो हडपसरपर्यंत बाहेर आला नाही, मग स्वारगेटपर्यंत आला नाही, आणि नंतर बेचाळीस वर्षांत आला नाही. पुढच्या रविवारी ती साडी पुन्हा नेसली गेली. तेव्हा मला वाटले, मिटले. पुरुषांना फार लवकर वाटते, मिटले म्हणून.

दिवस गेले. मुले झाली, शिकली, आपापल्या वाटेने गेली. आम्ही कोथरूडला राहायला आलो. माळरानांवर इमारती उठल्या. २००७ साली मी निवृत्त झालो. आता विमानांची दुनियाही बदलली आहे. फोमची तयार विमाने मिळतात, विजेच्या मोटरा मिळतात, बोटाला पट्टी बांधायचे कारण उरले नाही. आम्ही मात्र रबरालाच धरून राहिलो.

२०२१ साली माझा हात थरथरू लागला. मांडीवर ठेवला तर शांत. काही करायला गेलो की कापतो. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नव्हताच. पण दोन मिलिमीटरची काडी ओळीत चिकटवायची म्हणजे जीव बोटातच असावा लागतो. तीन काड्या मोडल्या, चौथा पंख वाकडा झाला. एका दुपारी ही बाहेर गेली असताना मी हत्यारांची पेटी काढली आणि सगळे बांधू लागलो. नातवाच्या शाळेला देऊन टाकायचे ठरवले. पन्नास-पंचावन्न वर्षे पुष्कळ झाली, अशी मनाची समजूत घातली.

ती आली तेव्हा पेटीला मी दोरी बांधीत होतो. तिने विचारले नाही, सरळ गाठ सोडली. एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडू लागली. तळाशी एक बदामी फडके निघाले. त्यावर काळे ठिपके होते. साडी जीर्ण झाल्यावर तिचे तुकडे हात पुसायला केलेले, त्यातला हा शेवटचा.

"कुणाला विचारून देत होतात?" ती म्हणाली.

"अगं, माझ्यानं आता होत नाही. छंदच सोडावा म्हणतो."

"तुमच्यानं होत नाही ना? मग तुम्ही सोडा. मी का सोडायचं?"

मी पाहतच राहिलो. ती रागावलेली नव्हती. पेटीतला चाकू काढून ती त्याची धार अंगठ्यावर पाहत होती.

"पंख कुणी मढवले आजवर? वाती कुणी केल्या? तुम्ही आपले सगळ्यांना सांगत आलात, हिची मदत असते. मी मदत करायला येत नव्हते हो. मला ते सोडायला आवडायचं. हातातून सुटताना एक क्षण त्याचं वजन जातं ना, तेवढ्यासाठी मी आठवडाभर वाट बघायची."

बेचाळीस किलो तांदळाचे पोते डोक्यावर पडावे तसा मी गप्प झालो. माझा छंद सांभाळून घेणारी बायको मला मिळाली, असे मी जन्मभर सांगत आलो. तिचा छंद मी सांभाळला होता का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो तिचाही आहे, हेच मुळी माझ्या लक्षात आले नव्हते.

आता कामांची वाटणी बदलली आहे. ती काड्या कापते, चिकटवते, मढवते. मी नकाशा काढून देतो, समतोल कुठे साधेल त्याची बेरीज-वजाबाकी करतो आणि पिळाच्या यंत्राचा दांडा फिरवतो. दांडा फिरवायला हात थरथरला तरी चालतो. माळ उरला नाही म्हणून आम्ही घरात उडवायची विमाने करतो. ही वजनाला सात-आठ ग्रॅम, म्हणजे दोन सुपाऱ्यांएवढीसुद्धा नाहीत. आणि चालतात माणसाच्या पावलाने. जवळच्या मंगल कार्यालयाचा हॉल मुहूर्त नसलेल्या दिवशी रिकामा असतो. तिथला रखवालदार आम्हांला तासभर उघडून देतो. पहिल्या दिवशी त्याने विचारले होते, "कार्य कोणाचं आहे?" ही म्हणाली, "आमचंच."

मे महिन्यात नातू बरोबर आला होता. तो म्हणाला, "आजोबा, याचा रिमोट कुठाय?"

"याला रिमोट नसतो," मी म्हणालो, "याला आजी असते."

मी आठशे पीळ मोजून देतो. ती विमान दोन बोटांत धरून हॉलच्या मधोमध उभी राहते. आता मी हात वर करीत नाही आणि खाली आणीत नाही. तिला वाटेल तेव्हा ती सोडते. पंखा इतका हळू फिरतो की पाती दिसतात. विमान तिच्या डोक्यावरून वळसे घेत, बंद पंख्यांच्या मधून वाट काढीत छताशी जाते, आणि मी घड्याळ धरून उभा असतो. आमचा विक्रम एक मिनिट बावन्न सेकंदांचा आहे. कधी ते पंख्यावर जाऊन बसते. मग रखवालदार जळमटे काढायचा झाडू घेऊन येतो आणि आम्ही तिघे वर पाहत उभे राहतो.

हा लेख छापायला पाठवण्यापूर्वी मी तिला वाचायला दिला. माझे ऱ्हस्व-दीर्घ तीच सुधारते. तिने लाल पेन घेऊन सगळा वाचला. चार वेलांट्या बदलल्या. 'पंचपक्वान्नाच्या ताटासारखी' या उपमेला अर्थ नाही आणि पोत्यातले तांदूळ बेचाळीसच किलो कसे, असे दोन शेरे मारले. पण 'राहू द्या' म्हणाली. उसातल्या विमानाच्या जागी आली तेव्हा जरा थांबली. ओघळाच्या कबुलीबद्दल काही बोलली नाही. माळावर मी जे वाक्य बोललो होतो, तिथे मी लिहिले होते : 'घालवलंस विमान!' तिने त्या दोन शब्दांच्या मध्ये लाल शाईने खूण केली आणि वर एक शब्द लिहिला : 'माझं'.

"तुम्ही असं म्हणाला होतात," ती म्हणाली. "ते गाळलंत."

वर छापले आहे ते तिने दुरुस्त केलेले वाक्य आहे. मी तिच्याकडे पाहिले आणि बेचाळीस वर्षे अडलेला शब्द अखेर बोलून टाकला. तिने कागद नीट जुळवले, टाचणी लावली आणि म्हणाली, "बरं. रविवारी हॉल रिकामा आहे म्हणाला तो. पंखे बंद ठेवायला सांगा."